विश्लेषण : हौसेची गाडी, पोटाची गाडी… मोटारवेड्यांचे उत्पन्न येते कुठून? बेंबळीच्या तरुणाने कोणते नियम ओळखावेत?

मुंबईत जुन्या मोटारींची रॅली निघाली की चकचकीत गाड्यांची छायाचित्रे गावोगावच्या मोबाइलवर पोहोचतात. ‘ही माणसे पोटापाण्यासाठी करतात तरी काय,’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावातही गाडीचे वेड असलेले तरुण कमी नाहीत. फरक इतकाच, की क्लबच्या सदस्याचे घर गाडीवर चालत नाही. गावातल्या तरुणाचे बहुधा गाडीवरच चालते. कायदाही या दोघांना वेगवेगळ्या मापाने मोजतो. ते माप काय आणि कर्ज काढून गाडी घेण्यापूर्वी ते समजून घेणे का आवश्यक, याविषयी…

हा विषय आता महत्त्वाचा का?

वर्ष २०२५ मध्ये गाडीच्या खर्चाचे गणित तीन ठिकाणी बदलले. २२ सप्टेंबरपासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींना हा दर लागू आहे. मालवाहू वाहनांवरील करही १८ टक्क्यांवर आला.

त्याआधी १ जुलैपासून राज्याने मोटार वाहन करात बदल केले. महागड्या मोटारींच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या सात टक्के कर लागू झाला. ऑगस्टमध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून १० हजार रुपये केले. थोडक्यात, नवी छोटी गाडी घेणे स्वस्त झाले, जुनी सांभाळणे महागले.

मोटार क्लबचे सदस्य काय करतात?

मुंबईतील ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही १९१९ ची संस्था. त्या काळात मोटार बाळगणे हेच श्रीमंतीचे लक्षण होते. पुढे जुन्या मोटारी जपणाऱ्यांचा ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ मुंबईतच उभा राहिला. या वर्तुळातील ठळक नाव प्राणलाल भोगीलाल यांचे. ते मुंबईचे उद्योगपती. त्यांचा मोटारसंग्रह अहमदाबादजवळच्या कठवाडा येथील संग्रहालयात मांडला गेला. महागड्या वेगवान मोटारींचा ‘सुपर कार क्लब’ उभारणारे गौतम सिंघानिया हे रेमंड या वस्त्रोद्योग समूहाचे प्रमुख.

सगळेच सदस्य इतके धनाढ्य नसतात. डॉक्टर, वकील, बांधकाम व्यावसायिक, निवृत्त अधिकारी, पगारदार नोकर असे लोक अशा क्लबांत भेटतात. समान धागा एकच : उत्पन्न दुसरीकडून येते आणि गाडीवर खर्च होते. सुटे भाग शोधणे, इंजिन उतरवणे, छताखालची जागा या कशातूनही परतावा नाही. गाडी वर्षातून चार वेळा रस्त्यावर आली तरी घरची चूल अडत नाही.

या वर्तुळात गाडीवरच पोट असलेला माणूस म्हणजे मिस्त्री. डेंटिंग-पेंटिंग करणारा, कार्बोरेटर जुळवणारा, सीट शिवणारा. रॅलीतली गाडी त्याच्या हातची असते, नावावर मात्र क्वचितच.

हौसेच्या जुन्या गाडीला कायद्यात कोणती जागा आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला पाच हजार रुपये. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

अट स्पष्ट आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. म्हणजे ही सवलत घ्यायची तर त्या गाडीतून कमाई करायची नाही.

पोटाच्या गाडीचे काय होते?

प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण बोलके आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे धाराशिवच्या शेजारच्या सोलापूरचे. पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली.

खासगी मालकाच्या पद्मिनीला मात्र ही मर्यादा नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणीत ती उत्तीर्ण झाली आणि शुल्क-कर भरले, तर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढते. गाडी तीच, कारखाना तोच. एक जपून ठेवता आली, दुसरी बाद झाली. फरक वापराचा. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी धंद्याच्या गाडीवर कडक नियम असणे योग्यच. पण त्यांचा भार गाडीवर पोट असलेल्यावर पडतो, हेही खरे.

बेंबळी परिसरात गाडीवर कमाई कशी होते?

एसटीची फेरी नसलेल्या वेळी धावणारी काळी-पिवळी, शेतमाल बाजार समितीत नेणारे पिकअप, लग्नसराईतील भाड्याच्या गाड्या, ही जिल्ह्यातली ओळखीची साधने. तुळजापूरला नवरात्रात आणि येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला भाविकांची गर्दी होते, तेव्हा भाडी वाढतात. त्यापलीकडे गॅरेज, टायर पंक्चरचे दुकान, पुण्या-मुंबईतील चालकाची नोकरी.

अडचण अशी की हे उत्पन्न हंगामी आणि कर्जाचा हप्ता बारमाही. पाऊस लांबला, सोयाबीनचा भाव पडला की भाडीही कमी होतात. क्लबच्या सदस्याची गाडी बंद पडली तर हौस थांबते. इथे उत्पन्नच थांबते.

पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडे मारले तर?

सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘गाडी घरची, कधीमधी भाडे मारू’ असे म्हणून खासगी नोंदणीची गाडी घेतली जाते. मात्र भाड्याने प्रवासी किंवा माल नेण्यासाठी पिवळी नंबरप्लेट आणि बहुतेक वाहनांना परमिटही लागते. परमिटविना वाहतूक केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

त्याहून मोठा धोका विम्याचा. खासगी वापराचा विमा असलेली गाडी भाड्यावर असताना अपघात झाला, तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा आदेशही होऊ शकतो. अशा वेळी गाडीबरोबर शेतही पणाला लागते.

पिवळ्या नंबरप्लेटचा खर्च वेगळा असतो. नव्या प्रवासी किंवा मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. विम्याचा हप्ताही निराळा. हा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरलेला बरा.

परवाना कोणता लागतो?

चालकांना येथे दिलासा मिळाला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती साडेसात हजार किलोपर्यंत वजनाचे वाहतूक वाहनही चालवू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो कायम ठेवला. छोटे पिकअप किंवा टॅक्सी चालवणाऱ्याकडे वेगळा परवाना नव्हता, एवढ्याच कारणाने विमा कंपनीला आता हात झटकता येत नाहीत. ट्रक आणि बससाठी मात्र अवजड वाहनाचा परवाना लागतोच.

गाडीत हौसेने केलेले बदल चालतात का?

रुंद टायर, कापलेला सायलेन्सर, जीपचा बदललेला सांगाडा हे प्रकार रीलमध्ये शोभतात. कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. उल्लंघनाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट, रंगबदल यांसाठी आरटीओकडे नोंद करावी लागते.

वेडाचा रोजगार करायचा तर?

पहिला मार्ग कौशल्याचा. आयटीआयमधील ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. विद्युत वाहनांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रमही आता आहे. यात स्वतःची गाडी घ्यावी लागत नाही, म्हणजे डोक्यावर तिचे कर्जही नसते.

दुसरा मार्ग गाडी घेण्याचा. त्यासाठी हंगामातील नव्हे, तर सर्वांत मंदीच्या महिन्यातील कमाई धरून हप्ता ठरवावा. त्यात डिझेल, टायर, विमा, पासिंग आणि कर मिळवावा. हिशेब जुळला तरच पिवळी नंबरप्लेट घ्यावी. जुळला नाही, तर गाडी घरच्या वापरापुरती ठेवावी आणि तिच्याकडून कमाईची अपेक्षा ठेवू नये. रॅलीतली माणसे नेमके हेच करतात : त्यांची गाडी त्यांना पोसत नाही, ते गाडीला पोसतात.