विश्लेषण : टोकन देण्याआधी घर स्वतः कसे तपासाल? कोकणात काय पाहायला हवे?

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे अनेक जण लोटे, खेड आणि चिपळूण परिसरात स्वतःचे घर शोधत असतात. घर सुट्टीच्या दिवशी दुपारी, एजंटबरोबर अर्ध्या तासात पाहून होते आणि घाईघाईत टोकन दिले जाते. भिंतीची ओल, गढूळ पाणी किंवा रात्रीचा वास नंतर कळतो. त्यामुळे किंमत बोलण्याआधी खरेदीदाराने स्वतः काय तपासावे, हे समजून घेऊ.

कायदा कोणाच्या बाजूने?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. याचा दुसरा अर्थ असा, की नीट पाहिले असते तर दिसला असता, अशा दोषाची तक्रार नंतर टिकणे अवघड जाते.

नव्या इमारतीत ‘रेरा’ कायद्याचे संरक्षण आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष आढळल्यास तो विकासकाने मोफत दुरुस्त करायचा असतो. मात्र जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. जुने घर एका व्यक्तीकडून दुसऱ्याने घेतले, तर विक्रेत्यावर ही जबाबदारी येत नाही. म्हणूनच तालुक्याच्या ठिकाणी स्वतःची तपासणी अधिक महत्त्वाची.

घराआधी परिसर का पाहावा?

भिंत दुरुस्त होते, जागा बदलता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्याच पावसात खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून जीवितहानी झाली. त्यामुळे शेजाऱ्यांना थेट विचारा : २०२१ मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते? जलसंपदा विभागाच्या पूररेषेत निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर या रेषांच्या आत आहे का, हे स्थानिक नियोजन कार्यालयात विचारता येते.

लोटे उंचावर असल्याने तिथे पुरापेक्षा उताराचा प्रश्न मोठा. घरामागे डोंगर उभा कापला आहे का, संरक्षक भिंतीला पाणी जाण्यासाठी छिद्रे आहेत का, ती भिंत पुढे झुकली आहे का, हे पाहा. वरच्या बाजूची झाडे वाकलेली किंवा जमिनीला भेगा असतील, तर तिथेच थांबा.

रासायनिक वसाहतीजवळ घर घेताना एक चक्कर रात्री दहानंतर आणि एक पहाटे मारावी. दिवसा समुद्राकडून येणारा वारा रात्री दिशा बदलतो, त्यामुळे दुपारी न जाणवलेला वास रात्री येऊ शकतो.

भिंतीवरचे तडे कसे ओळखावेत?

प्लास्टरवरचे केसासारखे बारीक तडे बहुधा निरुपद्रवी असतात. खिडकी किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा, नाणे आत सरकेल इतका रुंद तडा मात्र पाया खचल्याची खूण असू शकतो. जांभ्याच्या भिंतीत तो चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा दिसतो.

सर्वांत गंभीर तडे कॉलम आणि बीमवरचे. सळीच्या रेषेत उभा तडा, तांबूस डाग किंवा सुटलेले काँक्रीट दिसले, तर आतली सळी गंजते आहे. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडते. इमारत नवी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळलेली पाच मजली ‘तारिक गार्डन’ दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. त्यात १६ जणांचा मृत्यू झाला.

ओल आणि रंगकाम

मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. फुगलेला रंग आणि नवे प्लास्टर लगेच उठून दिसते. जमिनीपासून वर चढलेली ओल आणि पांढरा लोणा जोत्यातून येतो, छताजवळची ओल स्लॅबमधून, तर बाथरूमच्या पाठच्या भिंतीची ओल पाइपमधून. एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर कारण विचारा. शक्य असल्यास जुलैत घर पाहा. डिसेंबरमध्ये कोकणातले प्रत्येक घर कोरडे असते.

पाणी, वीज, सांडपाणी

सर्व नळ एकाच वेळी सोडा आणि फ्लश करून पाहा. बोअरवेलचे पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. ते पिवळट-तांबूस झाले, तर लोह असण्याची शक्यता असते. औद्योगिक भागात मात्र डोळ्यांवर विसंबू नये, पाणी प्रयोगशाळेतच द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पीएच ६.५ ते ८.५ असावा. जड धातूंची चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का, हेही शेजारीच सांगतील.

शौचालयाची टाकी विहिरीच्या वरच्या अंगाला नसावी. वीज फलकावरील गळती-संरक्षक स्विचचे चाचणी बटण मालकाला दाबायला सांगा. वीज लगेच तुटली नाही, तर तो स्विच निकामी आहे किंवा चुकीचा जोडलेला आहे.

पुढे काय करावे?

डोळ्यांना पाया, आतली सळी आणि जमिनीखालचे पाइप दिसत नाहीत. त्यामुळे ही तपासणी स्थापत्य अभियंत्याला पर्याय नाही. कोणते घर सोडायचे आणि कोणत्या घरासाठी अभियंत्याची फी मोजायची, एवढे ती ठरवते. सातबारा, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घ्यावे.

सापडलेल्या प्रत्येक दोषाचा फोटो काढा, स्थानिक गवंडी किंवा प्लंबरकडून दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि तो आकडा समोर ठेवून किंमत बोला. विसार पावतीत पाणी तपासणी आणि अभियंत्याचा अहवाल समाधानकारक नसल्यास रक्कम परत मिळेल, अशी अट लिहून घ्या. तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण असते, लिहिलेली अट दाखवता येते.