विश्लेषण : कागदाची थप्पी लावणाऱ्या यंत्राला पेटंट मिळते का? परीक्षक नेमके काय तपासतात?

छापखान्यात यंत्रातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद आधीच्या कागदावर नीट बसला, तर तिकडे कुणाचेही लक्ष जात नाही. एक जरी कागद तिरका पडला, तरी मागून येणारे कागद त्यावर आदळतात, यंत्र थांबवावे लागते आणि काम रखडते. म्हणूनच कागद बाहेर सोडून त्याची थप्पी लावणाऱ्या यंत्रणेत सतत सुधारणा होत असतात आणि त्यांच्या पेटंटसाठी अर्जही होतात. पण रोलर, पट्टा, पंखा, सेन्सर हे सगळे भाग जुनेच असताना त्यांच्या नव्या जुळणीला शोध म्हणायचे का? याचा निर्णय पेटंट परीक्षणात होतो. हे परीक्षण कसे चालते आणि लघुउद्योजकाचा अर्ज कुठे अडतो, याचा हा आढावा.

थप्पी लावण्यात अवघड काय?

शीटफेड ऑफसेट यंत्रात साखळीवर बसवलेले ग्रिपर छापलेला कागद धरून डिलिव्हरीकडे आणतात आणि थप्पीवर सोडतात. त्या क्षणी कागद वेगात असतो. तो समोरच्या स्टॉपरवर तसाच आदळला तर त्याची कड दुमडते. त्यामुळे हवा शोषणारे रोलर मागून त्याचा वेग कमी करतात, वरचे पंखे त्याला खाली दाबतात आणि बाजूच्या जॉगर पट्ट्या हलके ठोके देऊन तो सरळ करतात. थप्पी वाढेल तसा खालचा मंच खाली सरकतो आणि प्रत्येक कागदाला पडण्यासाठी जवळपास सारखेच अंतर मिळते.

मोठ्या रिळातून कागद कापणाऱ्या शीटर यंत्रात वेगळी युक्ती असते. वेगवान पट्ट्यावरचे कागद संथ पट्ट्यावर येतात आणि कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढतात. प्रत्येक कागदाचा वेग घटतो, पण तासाला बाहेर पडणाऱ्या कागदांची संख्या कमी होत नाही. स्थिर विद्युत, ओली शाई आणि कागदाची गोल वळण्याची सवय यांमुळे काम आणखी कठीण होते.

परीक्षण कधी सुरू होते?

महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांसाठी पेटंट कार्यालय मुंबईत आहे. नुसता अर्ज केल्याने परीक्षण सुरू होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. ही मुदत पूर्वी ४८ महिन्यांची होती. मार्च २०२४ मध्ये लागू झालेल्या सुधारित नियमांनी ती ३१ महिन्यांवर आणली. ऑनलाइन अर्जासाठी व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांना १६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीसाठी ४००० रुपये शुल्क आहे. मोठ्या कंपन्यांना ते अनुक्रमे ८००० आणि २०,००० रुपये पडते. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तो लवकर प्रसिद्ध करण्याची विनंतीही करता येते. स्टार्टअप किंवा महिला अर्जदारांना जलद परीक्षणाचा पर्याय आहे.

परीक्षक यंत्र चालवून पाहतात का?

सहसा नाही. परीक्षकांसमोर असतात ते तपशील, आकृत्या आणि मुख्य म्हणजे ‘दावे’. नेमक्या कोणत्या गोष्टीवर हक्क हवा आहे, हे सांगणारी क्रमांकित वाक्ये म्हणजे दावे. यंत्र कितीही उत्तम चालत असले तरी परीक्षण होते ते या वाक्यांचे.

त्यानंतर जगभरातील जुन्या पेटंट दस्तऐवजांत शोध सुरू होतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कागदासारख्या पातळ वस्तू हाताळणाऱ्या यंत्रांचा वर्ग ‘बी६५एच’ आहे. त्यातील २९ क्रमांकाच्या गटात यंत्रातून कागद बाहेर काढून थप्पीपर्यंत नेण्याच्या योजना आहेत, तर ३१ क्रमांकाच्या गटात थप्पी झेलणारे ट्रे व मंच. छापखान्याच्या यंत्राला फोटोकॉपी यंत्राच्या ट्रेचे जुने पेटंट आडवे येऊ शकते, ते यामुळेच.

‘नवे’ आणि ‘शोध’ यात फरक काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका लघुउद्योजकाने थप्पी लावणारे यंत्र बनवले. त्याचा पहिला दावा आहे, ‘स्टॉपर, पंखा आणि खाली सरकणारा मंच असलेले यंत्र’. हे सगळे एकाच जुन्या दस्तऐवजात सापडले तर नावीन्याच्या निकषावरच दावा बाद होतो.

दुसरा दावा अधिक नेमका आहे. थप्पीच्या डाव्या आणि उजव्या कडेची उंची सेन्सर मोजतो, आणि जी कड वर वळली असेल त्या बाजूच्या पंख्याचा जोर पुढचा कागद पडण्याआधी बदलतो. समजा, एका जुन्या दस्तऐवजात पंखा आहे आणि दुसऱ्यात उंची मोजणारा सेन्सर, पण तो फक्त मंच खाली नेण्यासाठी. आता दावा नवा आहे. पण प्रश्न उरतो शोधकतेचा. हे दोन दस्तऐवज समोर असलेल्या, या क्षेत्रातील जाणकार कारागिराला ही जोडणी सहज सुचली असती का? पेटंट कायद्यातील व्याख्येनुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवे, आणि तो जाणकाराला उघड नसावा.

कलम ३(एफ) यंत्रांना का अडवते?

ज्ञात उपकरणे नुसती शेजारी मांडली, त्यांची जागा बदलली किंवा संख्या वाढवली आणि प्रत्येक उपकरण आपापले काम पूर्वीसारखेच स्वतंत्रपणे करत राहिले, तर त्याला कलम ३(एफ) शोध मानत नाही. वरच्या उदाहरणात सेन्सर फक्त मंच हलवत असेल आणि पंखा आपला एकाच जोराने फिरत असेल, तर ही हरकत टिकते. सेन्सरच्या मोजमापावर पंख्याचा जोर ठरत असेल, तर दोन्ही मिळून वेगळा परिणाम साधतात, असे अर्जदाराला सांगता येते.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

भारतात आजही आधार घेतला जातो तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या निकालाचा. वाद होता भांडी बनवताना ती लेथवर पक्की धरून ठेवण्याच्या योजनेचा. ज्ञात वस्तूतील सुधारणा किंवा ज्ञात गोष्टींची जोडणी ही वर्कशॉपमधील नेहमीच्या सुधारणेपेक्षा काही अधिक असली पाहिजे, असे सांगत न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले.

लहान बदलाला पेटंट मिळतच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये कागद बनवणाऱ्या यंत्राच्या ‘आयबेल’ खटल्यात उलट निकाल दिला. यंत्रातील जाळीचा उतार वाढवणे एवढाच तो बदल होता. जाळीला उतार देण्याची पद्धत आधीही होती, पण ती पाणी निथळण्यासाठी. वेग वाढवला की कागद बिघडतो, कारण जाळीपेक्षा लगदा हळू वाहतो, हे आयबेलने ओळखले आणि उतार वाढवून दोघांचा वेग जुळवला. बिघाडाचे खरे कारण शोधणे हाच शोधाचा गाभा ठरला. बदल मोठा की लहान यापेक्षा तो का सुचला, हे सांगता येणे निर्णायक ठरू शकते.

हरकती आल्यावर काय?

बहुतेक अर्जदारांना पहिल्या परीक्षण अहवालात हरकती मिळतात. तो नकार नसतो. उत्तरासाठी सहा महिने असतात, तीन महिने वाढवून मिळतात. मुदतीत उत्तर गेले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. उत्तरानंतरही हरकती राहिल्या तर सुनावणी होते आणि निर्णय नियंत्रक देतात. नकाराविरुद्ध दाद उच्च न्यायालयात मागता येते. या अपिलांसाठी असलेले स्वतंत्र मंडळ २०२१ मध्ये बंद झाले.

उत्तर देताना दावे आकुंचित करता येतात, पण मूळ अर्जात नसलेली तांत्रिक माहिती नंतर घुसवता येत नाही. सेन्सर आणि पंख्याचे नाते पहिल्या दिवशी लिहिले नसेल, तर ते यंत्रात कितीही खरे असले तरी अर्ज वाचवू शकत नाही.

लघुउद्योजकाचे नुकसान कुठे होते?

अनेकदा परीक्षणाच्या आधीच. यंत्र तयार झाले की त्याचा व्हिडीओ व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा यूट्यूबवर टाकला जातो, ग्राहकाला दाखवले जाते, विकलेही जाते. अर्जाआधी असे जाहीर झालेले यंत्र त्याच्याच मालकाच्या अर्जाविरुद्ध पुरावा ठरू शकते. काही प्रदर्शनांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि अटींसह. यावर मार्ग म्हणजे आधी तात्पुरता तपशील दाखल करून तारीख मिळवणे आणि १२ महिन्यांत पूर्ण तपशील देणे.

पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे हक्क राहतो. नाही मिळाले तर प्रसिद्ध झालेल्या आकृत्या पाहून कुणीही तेच यंत्र बनवू शकतो. त्यामुळे ग्राहकासाठी कागद किती सरळ बसतो हे महत्त्वाचे असले, तरी यंत्र बनवणाऱ्यासाठी तो सरळ का बसतो हे अर्जात आधी लिहिणे तितकेच महत्त्वाचे आहे.