विसरणे हा उपचार नव्हे

१३ जुलै २०११ च्या सायंकाळी मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर येथे बॉम्बस्फोट झाले. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाची जखम भरते, पेढी पुन्हा उघडते. परंतु शेजारचे शटर जोरात पडले तरी त्याच्या छातीत धस्स होते, रात्री तेच दृश्य स्वप्नात येते, त्या गल्लीकडे पाऊल वळत नाही. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकून नित्य व्यवहारात अडथळा आणू लागली, तर ती आघातोत्तर तणाव विकृती असू शकते.

घरची माणसे मायेने म्हणतात, ‘झाले ते विसरा, काही दिवस बाजारात जाऊच नका.’ परंतु वही मिटल्याने बाकी फिटत नाही. टाळत राहिल्याने भीती मुरते. धोका टळला आहे, हे मनाला उमगतच नाही. म्हणून उपचारात तज्ज्ञाच्या सोबतीने, झेपेल तेवढेच, त्या आठवणीला सामोरे जाण्यास शिकवले जाते. गरजेनुसार औषधेही दिली जातात.

कुटुंबीयांनी बळेच बोलते करू नये. तो बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो.