जुन्या गाड्यांची पंगत

गेल्या महिन्यांत एकाच आठवड्यांत दोघेजण एकाच प्रश्नाच्या दोन बाजू घेऊन आमच्याकडे आले, आणि दोघांनाहि आमचा होकार हवा होता. पहिला आमचा पुतण्या. आमच्या कैलासवासी वडील बंधूंची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी मोटार अद्यापि वाड्याच्या अंगणांत उभी आहे, व ती चालती ठेवण्याचा भार त्यानें आनंदानें उचलला आहे. आमच्या शहरांत जुन्या मोटारी बाळगणाऱ्या गृहस्थांचें एक लहानसें मंडळ आहे. त्यांत 1940 पूर्वीच्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो. ही मर्यादा सैल करावी कीं काय, याचा विचार पुढील वार्षिक सभेंत व्हावयाचा आहे. तेव्हां, "काका, अर्ज तुम्हीच लिहून द्या," असा त्याचा आग्रह. दुसरे आमचे एक जुने स्नेही, त्या मंडळाचे पहिल्यापासूनचे सभासद व 1936 सालच्या ऑस्टिन सेव्हनचे मालक. ते म्हणाले, "मास्तर, आज पद्मिनी आली कीं उद्यां मारुती येईल, परवां कालपरवांची गाडी येईल. मग आमचें मंडळ कसलें आणि कशाचें?"

स्नेह्यांची भीति निराधार नाहीं, हें आम्हीं प्रथमच कबूल केलें. आमचा जन्म शाळामास्तरकींत गेला. वर्गांत तीस मुलें होतीं तोंपर्यंत प्रत्येकाकडून रामशब्द म्हणवून घेतां येई. तीं सत्तर झालीं तेव्हां पुढच्या दोन बांकांचें पाठांतर ऐकण्यांतच तास संपूं लागला. मंडळाचेंहि तसेंच आहे. ऑस्टिनच्या ब्रेकची गोष्ट जेथें चालावयाची, तेथें पन्नासजण आपापल्या नव्या गाडीच्या तक्रारी घेऊन बसले, तर ज्ञान वाढण्याऐवजीं गलबला वाढेल. सर्वांना घेणारें मंडळ पुष्कळदां कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं.

परंतु आमच्या शास्त्रकारांनीं लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांतला अतिव्याप्ति हा एकटाच नव्हे. शिंगें असणारी ती गाय, असें म्हटलें तर म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. कपिल वर्णाची ती गाय, असें म्हटलें तर पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते, ही अव्याप्ति. स्नेह्यांना पहिला दोष दिसतो, दुसरा दिसत नाहीं. 1940 ही ओळ कपिल वर्णासारखी आहे. ती खरोखर कांहींतरी सांगते, पण जें सांगावयास हवें तें सांगत नाहीं.

या बाबतींत इंग्लंडांतील अनुभव उद्बोधक आहे. तेथें 1934 सालीं व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला. तो संस्थानिकांचा नव्हे, तर बेताच्या ऐपतीच्या हौशी लोकांचा होता, आणि गाडी निदान पांच वर्षांची जुनी असावी एवढीच त्यांची प्रारंभींची अट होती. म्हणजे आज आपण ज्यांना वंदनीय मानतों त्या गाड्या त्या वेळीं केवळ दुसऱ्या हातच्या, स्वस्तांत मिळालेल्या गाड्या होत्या! पुढें त्यांनीं 1930 च्या अखेरीस ओळ आंखली. कारण त्यानंतर कारखान्यांनीं घाऊक उत्पादनाच्या नादीं लागून गाडीचा कस घालविला, अशी त्यांची समजूत होती. तथापि 1931 ते 1940 मधल्या कांहीं निवडक गाड्यांत तो कस टिकला आहे असें दिसून आल्यावर, 'विंटेजोत्तर जातिवंत' अशा अर्थाचें नांव देऊन त्यांच्यासाठीं निराळा वर्ग केला. भिंत पाडली नाहीं. एक खोली वाढविली. हें ऐकून स्नेही किंचित् गप्प झाले. कारण 1930 च्या ओळीनें पाहिलें तर त्यांची स्वतःची ऑस्टिनहि उंबरठ्याबाहेरच राहते.

ते म्हणाले, "पण लंडनहून ब्रायटनला जी मिरवणूक निघते, तिची ओळ तर कोणी हालविली नाहीं." हेंहि खरें. 14 नोव्हेंबर 1896 रोजीं वेगाची कायदेशीर मर्यादा वाढल्याच्या आनंदांत ती यात्रा प्रथम निघाली, आणि तिच्या स्मरणार्थ निघणाऱ्या यात्रेंत 1905 पूर्वीच्याच गाड्या घेतात. परंतु तें एका घटनेचें स्मारक आहे. स्मारकाची तिथि बदलत नसते. आपलें मंडळ हें स्मारक नव्हे; जुनीं यंत्रें चालतीं ठेवण्यासाठीं एकत्र आलेल्या माणसांचा तो संसार आहे, आणि संसारांत नवीं माणसें आलीं नाहींत तर वंश खुंटतो.

आपल्या सरकारनेंहि 2021 सालीं नियम केले ते सरकत्या ओळीचे आहेत. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षें उलटलेली, मूळ स्वरूपांत राखलेली दुचाकी वा चारचाकी ही विंटेज मानावी. तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळावा. नव्या नोंदणीस 20,000 रुपये शुल्क पडावें. आणि प्रदर्शन, शर्यत-मेळावे, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणें असल्या कामांपलीकडे ती नित्याच्या वापरांत नसावी. या हिशोबानें आमच्या अंगणांतली पद्मिनी 2028 सालीं पात्र होईल. ऐतिहासिक वाहनांची 'फीव्हा' नांवाची जागतिक संघटना 1966 पासून आहे. तिची वयाची अट तर 30 वर्षांचीच आहे. मात्र गाडी ऐतिहासिक दृष्ट्या शुद्ध स्थितींत राखलेली असावी आणि ती रोजच्या जाण्यायेण्याचें साधन नसावी, हेंहि ती बजावते. केवळ वय हें लक्षण नव्हे. वय, मूळ रूप आणि निगा, तिन्ही मिळून लक्षण होतें.

आतां कोणी विचारील, पद्मिनींत राखण्यासारखें तें काय? वालचंद हिराचंद यांनीं उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत 1964 पासून फियाट 1100 ची ही जात निघूं लागली व 1974 पासून ती पद्मिनी नांवानें ओळखली गेली. पुढें पिढ्यान् पिढ्या तिनें मुंबईची टॅक्सी म्हणून ओझें वाहिलें. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें 30 ऑक्टोबर 2023 पासून तीहि मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. जी वस्तु सर्वांघरीं असते ती कोणीच जपत नाहीं. संस्थानिकाची रोल्स-रॉइस गॅरेजमध्यें सुखरूप राहते. मध्यमवर्गीयानें कैक वर्षें नंबर लावून घेतलेली गाडी भंगारांत जाते, आणि शेवटचा नमुना गेल्यावर आपण हळहळतों. आमच्या वहिनींना प्रसूतीसाठीं दवाखान्यांत याच गाडींतून नेलें, आणि दादांना शेवटच्या दुखण्यांत नेलें तेंहि याच गाडींतून.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. स्नेह्यांची ऑस्टिन ज्या मिस्त्रींच्या हातावर चालते त्यांचें वय पंचाहत्तर आहे. त्यांच्या मुलानें हा धंदा घेतला नाहीं. शहरांतल्या अकरा गाड्यांवर घर कसें चालावें? आणि नवीं पोरें यंत्राला संगणक जोडून दोष वाचतात. ऑस्टिन आणि पद्मिनी या दोहोंनाहि कार्ब्युरेटर आहे, पॉइंट आहेत, चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. दोघींनाहि कानानें ओळखणारा माणूस लागतो. पद्मिन्या, अँबेसेडर, पहिल्या मारुती मंडळांत आल्या तर मिस्त्रींच्या हाताखालीं दोन शिष्य पोसतां येतील. न आल्या तर मिस्त्रींबरोबर ऑस्टिनहि थांबेल. ज्या गाडीसाठीं दार लावून घ्यावयाचें, ती गाडीच त्यामुळें बंद पडावी, ही कसली राखण?

म्हणून आम्हीं अर्ज लिहिला तो असा : ज्या गाडीस 30 वर्षें झालीं, जिचें मूळ रूप मोडलेलें नाहीं, आणि जी धनी स्वतः जपतो, तिला प्रवेश असावा, मात्र 1940 पूर्वीच्या गाड्यांचा वर्ग, त्यांची सभा व त्यांचें दप्तर स्वतंत्र राहावें. मुंजींत एक पंगत उठते, दुसरी बसते. स्वयंपाक एकच असतो. त्यावर स्नेही म्हणाले, "बरें तर, पण मत नको. त्यांना ओसरीवर बसवूं." आम्ही म्हणालों, "वर्गणी सारखी घेणार असाल तर पानहि सारखें वाढा. ओसरीवर बसविलेला माणूस घराची डागडुजी करीत नसतो."

स्नेह्यांनीं होकार दिला नाहीं. पण जातांना ते अंगणांत थांबले. पुतण्यानें गाडी सुरू केली, तेव्हां त्यांनीं छत्री भिंतीला टेकविली, बॉनेट उघडविलें आणि मान वांकडी करून बराच वेळ ऐकत राहिले. "टॅपेट वाजतात रे," ते म्हणाले. "असाच चालवूं नकोस. रविवारीं मिस्त्रींना पाठवितों."

सभा पुढच्या महिन्यांत आहे. ठराव पसार होवो अथवा न होवो, वाचकहो, आपापल्या घरांतहि हा प्रश्न एकदां विचारून पाहावा. आपण जें राखतों तें कशासाठीं राखतों, आणि आपल्यामागें तें कोणीं राखावें म्हणून आज कोणास आंत घेतों?