सुयांनी दुखणे थांबले, आजार थांबला का?

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक भगिनी आल्या. वय एकतीस, बँकेत नोकरी, लग्नाला पाच वर्षे झालेली. हातात रिपोर्टांचे जाडजूड पाकीट. मी त्यांना चांगले ओळखतो. सतराव्या वर्षी त्यांची आई त्यांना माझ्याकडेच घेऊन आली होती. पाळीचे पहिले दोन दिवस शाळेत जाता येत नाही, उलट्या होतात, अशी तक्रार होती. मी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितले, "लग्न झाले की थांबेल." हे वाक्य मी तेव्हा किती जणींना ऐकवले असेल याची मोजदाद नाही. आज त्याची लाज वाटते.

या भगिनींना एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, आतड्यांजवळ वाढते. दर महिन्याला तेही सुजते आणि त्यातून रक्तस्राव होतो, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून गाठ होते, तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि निदान व्हायला कित्येक वर्षे लागतात. माझ्यासारखे डॉक्टर त्या उशिराला हातभार लावतात.

दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत त्यांना तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. मध्येच डाग दिसू लागले, म्हणून यांनी दोन महिन्यांत त्या परस्पर बंद केल्या. मैत्रिणीने ॲक्युपंक्चर सुचवले. आठवड्यातून दोनदा, चार महिने सुया टोचून घेतल्या. दुखणे खरोखर कमी झाले. 'गोळ्या बंद करा' असे तिथे कोणी सांगितले नव्हते. पण 'चालू ठेवा' असेही सांगितले नव्हते. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असे समजून वर्षभर तपासणी झाली नाही. परवाच्या सोनोग्राफीत गाठ सात सेंटिमीटरची निघाली.

लगेच "बघा, या चिनी उपायांनी घात केला!" असे म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हणणे खरे होणार नाही.

चीन आणि वैद्यक म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पुष्कळांना वाटते की ॲक्युपंक्चर त्यांनी आपल्याकडे आणले. तसे नाही, कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांच्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात रुजवली. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाही आहे.

चिनी वैद्यकाच्या मते या आजारात ओटीपोटात रक्त 'साकळते'. ते मोकळे व्हावे म्हणून घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटे वर, बेंबीच्या खाली, अशा ठरावीक जागी सुया टोचतात आणि काढे देतात. हे विवेचन मला पटो वा न पटो, रुग्णाच्या कामाचा प्रश्न एकच : उपयोग होतो का?

२०२३ मध्ये चीनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एंडोमेट्रिओसिस असलेल्या १०६ स्त्रियांपैकी काहींना खऱ्या सुया टोचल्या, काहींना नुसता देखावा केला. बारा आठवड्यांत खऱ्या सुया टोचलेल्यांचे पाळीतले दुखणे जास्त कमी झाले. उपचार थांबल्यावर मात्र तो फरक टिकला नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ॲक्युपंक्चर किंवा चिनी औषधांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेच म्हटले आहे.

तेव्हा माझे मत असे. दुखण्यावर जोड-उपाय म्हणून नोंदणीकृत व्यक्तीकडून, दर वेळी नव्या निर्जंतुक सुया वापरून ॲक्युपंक्चर करून घ्यायला माझी हरकत नाही. पण त्याने गाठ विरघळते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर सुया टोचण्याआधी सांगा. कोणी पाठवलेल्या, आत काय आहे ते न लिहिलेल्या चिनी पुड्या आणि गोळ्या मात्र अजिबात नकोत. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, कारण त्यांत चुकून विषारी वनस्पती मिसळली गेली होती. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' हे आपले लाडके वाक्य तिथे फार महागात पडले.

आणि आम्हा डॉक्टरांनाही दोन शब्द. मी त्या भगिनींना विचारले, "तिथे इतके महिने का गेलात?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तिथे पाऊण तास माझे ऐकून घ्यायचे. दुखते म्हटले की दुखतेच, असे मानायचे." माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्यांना सतराव्या वर्षी तीन मिनिटे दिली होती.

त्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना मूल हवे आहे. पण गाठीने आणि शस्त्रक्रियेनेही बीजकोशातील साठा घटतो, त्यामुळे आता वेळ थोडा आहे. प्रयत्न चालू आहेत.

मातांनो, मुलगी पाळीत शाळा बुडवत असेल, गोळी घेऊनही कळवळत असेल, तर 'बायकांच्या जातीला हे असायचेच' म्हणून गप्प बसवू नका. तिला तपासून घ्या. सुया टोचायच्या असतील तर टोचा. पण आधी निदान करा, सांगितलेली औषधे परस्पर सोडू नका आणि सांगितलेल्या वेळी सोनोग्राफी चुकवू नका. आणि "लग्न झाले की थांबेल" असे सांगणारा डॉक्टर भेटला, तर दुसऱ्याकडे जा. मग तो मी असलो तरी.