हाफबॅकचा निरोप

नाटक मंडळीतला नट उतारवयाला लागला की ते प्रथम त्याच्या आरशाला कळते, मग मंडळीच्या मालकाला आणि सर्वांत शेवटी प्रेक्षकाला. फुटबॉलच्या खेळाडूचे नेमके उलट आहे. एक चेंडू हुकला, एक धाव अर्ध्यावर थांबली, की कठड्यावर बसलेले पोरही ‘संपला आता’ म्हणून मोकळे होते. क्लबाच्या कचेरीत तो निकाल थोडा उशिरा पोचतो आणि खेळाडूच्या स्वतःच्या मनात तर कित्येकदा पोचतच नाही. अशा खेळाडूला क्लबाने केव्हा आणि कशा रीतीने मोकळे करावे, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडापानाचा. परंतु आपल्या नटांना आणि गवयांना उतारवयात आपण कसे वागवले याचा हिशेब जर आपण मांडतो, तर खेळाडूचाही मांडला पाहिजे. म्हणून तो या पानावर मांडण्याचे धाडस मी करतो.

उदाहरण गोव्याचे घेतो. आम्हा सिल्वासाकरांना गोवा परका नाही. दोन्ही मुलूख एकाच पोर्तुगीज सत्तेखाली होते. आमची दादरा-नगर हवेली 1954 साली मुक्त झाली. गोव्याला 1961 च्या डिसेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. फुटबॉल मात्र गोव्याच्या मातीत जसा रुजला तसा आमच्याकडे रुजला नाही. म्हणूनच फातोर्ड्याला सामना असला की आम्ही टीव्हीपुढे बसतो ते थोड्या हेव्याने आणि पुष्कळशा आपुलकीने.

लेनी रॉड्रिग्ज हा 1987 साली जन्मलेला गोव्याचा खेळाडू. पूर्वी ज्याला हाफबॅक म्हणत आणि आता मिडफिल्डर म्हणतात, त्या जागेवरचा. चर्चिल ब्रदर्समध्ये नाव कमावून, पुणे आणि बंगळूर करून तो 2018 साली एफ. सी. गोवा या क्लबात, म्हणजे घरी आला. पुढच्याच वर्षी त्या क्लबाने सुपर कप जिंकला. त्यानंतरच्या 2019-20 च्या हंगामात साखळीतल्या 18 सामन्यांत 39 गुण आणि 46 गोल करून गोवा पहिला आला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. गोल करणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत ठळक आली, ती येणारच. पण चेंडू हिसकावून घेऊन, मान वर करून, योग्य माणसाच्या पायाशी तो पोचवण्याचे काम ज्या थोड्यांनी केले त्यांत लेनी होता.

मग 2021 सालाच्या आरंभी, हंगाम ऐन रंगात असताना, अदलाबदल झाली. 33 वर्षांचा लेनी ए. टी. के. मोहन बागानकडे गेला आणि तिकडचा 26 वर्षांचा ग्लॅन मार्टिन्स, हाही गोव्याचाच, एफ. सी. गोवाकडे आला. महामारीमुळे त्या वर्षीचे सर्व सामने गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर, एकाही प्रेक्षकाविना खेळवले जात होते. कोलकात्याचा क्लबही गोव्यातच मुक्कामाला होता. म्हणजे लेनीला गावसुद्धा बदलावे लागले नाही. बदलला तो मुक्काम आणि अंगावरचा सदरा. घरच्या माणसाला घरच्या मैदानावरून निरोप मिळायचा, तर मैदानात माणूसच नव्हते.

पुढे एप्रिल 2021 मध्ये चॅम्पियन्स लीगचे सामने आले, तेही फातोर्ड्यावरच. कतारच्या अल रय्यानला गोव्याने बरोबरीत रोखले. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध सामना हरला, परंतु एदू बेदियाने या स्पर्धेच्या गटसाखळीतला भारतीय क्लबाचा पहिला गोल नोंदवला. ज्या हंगामाने हे दार उघडून दिले त्या हंगामात राबलेला लेनी तेव्हा दुसऱ्या क्लबाचा होता.

येथे कोणावर अन्याय झाला असे मी म्हणत नाही. क्लबाने हिशेब केला आणि तो हिशेब चुकलाही नाही; नव्याने आलेला ग्लॅन आशियाई सामन्यांत उभा राहिला. लेनीचेही नुकसान झाले म्हणता येणार नाही. त्याचा नवा क्लब त्याच मार्चमध्ये लीगच्या अंतिम सामन्यात खेळला. खेळाडूला मोकळे करण्याचा क्लबाचा हक्क मी पुरता मानतो. भावनेपोटी जागा अडवून ठेवली तर तरुणाचा मार्ग अडतो, आणि म्हाताऱ्याचीही शोभा होत नाही. याचा दाखला आपल्याच रंगभूमीवर आहे. बालगंधर्वांना आपण कधी मोकळे केलेच नाही. ऐन तारुण्यातली त्यांची रूपे डोळ्यांत साठवलेल्या प्रेक्षकांना ती पुन्हापुन्हा पाहायची होती, आणि त्यांना स्वतःलाही साडीचा पदर सुटेना. उतारवयातही ते स्त्रीभूमिका करीत राहिले. त्यांच्यावरच्या प्रेमाविषयी शंका नाही. परंतु वेळेवर कोणी हात धरून, मानाने, त्यांना रंगमंचावरून गुरूच्या आसनावर नेले असते तर त्यांचे आणि मराठी संगीताचेही अधिक भले झाले असते, असे मला वाटते.

तेव्हा मोकळे करावेच लागते. अडचण एवढीच, की हाफबॅकच्या बाबतीत ती वेळ ओळखणे फार कठीण. फॉरवर्डचा वेग गेला की तो दिसतो. गोलकीपरची उडी कमी पडली की फळ्यावर आकडा चढतो. हाफबॅकचे बरेचसे काम डोक्याने चालते. कोठे उभे राहावे, केव्हा थांबावे, कोणाकडे पाहून कोणाला चेंडू द्यावा, हे शहाणपण पायांपेक्षा उशिरा म्हातारे होते. पाय मंदावू लागलेले असतात आणि डोके पिकत असते. या दोन उतार-चढावांची गाठ कोठे पडते, ते तराजूत घालून सांगता येत नाही.

इटलीतल्या मिलान क्लबाचा तराजू असा एकदा फसला होता. आंद्रेआ पिर्लो हा त्यांचा हाफबॅक. दहा वर्षे तेथे खेळला आणि 2011 साली, वयाच्या 32 व्या वर्षी, क्लबाने त्याला जाऊ दिले; मोबदल्यात एक पैही आली नाही. तो युव्हेंटसकडे गेला. पहिल्याच वर्षी त्या क्लबाने साखळीतले 38 सामने एकही न हरता विजेतेपद घेतले, आणि पिर्लो तेथे होता ती चारही वर्षे विजेतेपद तिकडेच राहिले. मिलानने पाय मोजले, डोके मोजायचे राहून गेले.

उलट बाजूचे उदाहरण इंग्लंडचे. केव्हिन डी ब्रॉयन मँचेस्टर सिटीत 2015 पासून दहा वर्षे होता. सहा वेळा लीगचे आणि 2023 साली युरोपचे विजेतेपद त्याने क्लबाबरोबर जिंकले. 2025 साली क्लबाने नवा करार देऊ केला नाही. आपल्याला थोडे आश्चर्य वाटले, असे तो मोकळेपणी बोलला. पण ही गोष्ट एप्रिलमध्येच, हंगाम शिल्लक असताना, जाहीर झाली. त्यामुळे मे महिन्यात घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना हा शेवटचा आहे हे ठाऊक असलेल्या हजारो लोकांसमोर तो खेळला. त्याचा पुतळा उभारण्याचे क्लबाने जाहीर केले. पुढे सप्टेंबरमध्ये तो नापोलीचा खेळाडू म्हणून त्याच मैदानावर आला, तेव्हा सिटीच्याच लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. क्लबाने आपला हक्क बजावला होताच. पण माणसाला न दुखावता, निदान कमीत कमी दुखावून.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. पुतळे आपल्याला परवडणार नाहीत. कबूल. परंतु पुतळ्यापेक्षा मोलाची एक गोष्ट आपल्याकडे एके काळी होती, आणि ती आपण गमावली. मुंबईत टाटा, मफतलाल, ओर्के, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ असत. कूपरेजवर खेळणारा पोरगा सकाळी सरावाला आणि दुपारी कचेरीत जाई. खेळ संपला तरी मस्टरवरचे नाव संपत नसे. गुडघा गेलेला हाफबॅक काउंटरमागे बसून पावत्या फाडी, आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन पोरांना दोन शब्द सांगे. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातला गोव्याचा हाफबॅक फॉर्च्युनातो फ्रँको असाच टाटांच्या आणि पुढे साळगावकरांच्या, म्हणजे उद्योगघराण्यांच्या संघांतून खेळलेला. फातोर्ड्यावरचे ते आशियाई सामने संपले आणि थोड्याच दिवसांत, मे 2021 मध्ये, त्यांचे निधन झाले.

ती व्यवस्था फार थोर होती असे नाही. पगार बेताचा, खेळ हौशी, आणि मालकाच्या मनात आले की संघच बंद. महिंद्र युनायटेडने 2005-06 साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 साली तो संघ गुंडाळण्यात आला. तरी तिच्यात एक आधार होता. 2014 साली सुरू झालेल्या नव्या लीगने खेळाडूला पूर्वी स्वप्नातही न दिसणारा पैसा दिला, उत्तम मैदाने दिली, परदेशी शिक्षक दिले. त्याबद्दल तिला दोष देणे कृतघ्नपणा होईल. मात्र मस्टर गेले आणि करार आला. करार संपला की संबंध संपला. क्लब एक सुबक चित्र प्रसिद्ध करतो, त्यावर ‘धन्यवाद’ लिहिलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नव्या खेळाडूचे ‘स्वागत’ झळकते.

करार म्हणजे काय हे सिल्वासात कोणाला शिकवावे लागत नाही. सुताच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांवर आमचे गाव वाढले. महाराष्ट्रातून, उत्तरेतून, ओडिशातून माणसे आली आणि ठेकेदाराच्या वहीत नाव लावून कामाला लागली. मी नोकरी केली त्या कारखान्यात एक वयस्क फिटर होता. यंत्राला कान लावून कोणते बेअरिंग जाणार ते सांगे. एके सकाळी त्याला गेटवर रखवालदाराकडून कळले की त्याचा पास बंद झाला आहे. काम गेल्याचे दुःख त्याने पचवले. पण ‘साहेबाने बोलावून सांगायला हवे होते’ हे वाक्य तो पुढे कितीतरी दिवस बोलत होता. माझ्या मते संस्कृतीचा प्रश्न तेथे, त्या गेटवर सुरू होतो. मग माणूस तीन पाळ्यांत राबणारा असो की दूरदर्शनवर दिसणारा.

यावर उपाय परदेशातून आणण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या वाचकांना तर तो घरचाच आहे. त्यांच्या फुटबॉल संघांची नावे आजही तालमींची आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. तालमीत मल्लाचे वय झाले म्हणून त्याला कोणी दाराबाहेर काढत नाही. तो लांग उतरवतो आणि वस्ताद होतो. आखाडा तोच, माती तीच. फक्त कालपर्यंत जो लढत होता तो आज कठड्याशी उभा राहून पोराचा पाय कोठे चुकला ते सांगतो. राजाश्रय गेला तरी ही रीत टिकली, कारण तिला खर्च फारसा नाही आणि शहाणपण पुष्कळ आहे.

ही रीत फुटबॉलमध्येही फळते. खालिद जमील हा मुंबईच्या मैदानांवर खेळलेला मिडफिल्डर. 2009 साली त्याचा खेळ थांबला, तेव्हा मुंबई एफ. सी. ने त्याला प्रशिक्षक केले. सात वर्षे त्याने तो बेताच्या पैशांतला संघ वरच्या लीगमध्ये टिकवून धरला. 2016 साली क्लब आणि तो वेगळे झाले. तो मिझोरामच्या आयझॉल क्लबाकडे गेला, जयेश राणेसारखे मुंबईचे खेळाडू त्याच्या संघात होते, आणि 2017 साली आयझॉल राष्ट्रीय विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफ. सी. तळाला जाऊन खाली उतरली. 2025 साली जमीलची भारतीय संघाचा प्रशिक्षक म्हणून निवड झाली. एका क्लबाने एका थकलेल्या हाफबॅकला वस्ताद केले, त्याचे हे फळ. आणि तो वस्ताद हातचा गेल्यावर काय होते, तेही त्याच गोष्टीत आहे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. पाच-सात वर्षे ज्याने घाम गाळला, त्याला करार वाढणार नाही हे हंगाम संपण्यापूर्वी, समोर बसवून, क्लबातल्या जबाबदार माणसाने सांगावे. घरच्या प्रेक्षकांसमोर त्याला एक शेवटचा सामना द्यावा. संकटामुळे तो त्या वर्षी देता आला नाही तर पुढल्या वर्षी बोलावून द्यावा, मग तो तेव्हा कोणाचाही खेळाडू असो. आणि क्लबाच्या पोरांना शिकवण्याचे काम प्रथम त्याला विचारावे. त्याने नाही म्हटले तर तो मोकळा. या तिन्ही गोष्टी करारातच लिहून घेतल्या तर कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आणि एखाद्या क्लबाला आपल्या जुन्या हाफबॅकचे काय करावे हे खरोखरच सुचत नसेल, तर त्याने आमच्यासारख्या गावांकडे पाहावे. दमणगंगेच्या काठी पोरे पुष्कळ आहेत. पावसाळा ओसरला की मोकळ्या जागेवर दोन विटा मांडून त्यांचा खेळ सुरू होतो. पळायला त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. मान वर करून चेंडू कोणाला द्यायचा, हे सांगणारा माणूस त्यांना हवा आहे.