तबकडी राहू द्या, दिशा सांगा

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास पेटते तुकडे ओळीनं आभाळ ओलांडून गेले आणि राज्याच्या बऱ्याच भागांतून दिसले. मोबाइलवर तासाभरात धूमकेतू, विमान, क्षेपणास्त्र, उडती तबकडी असं सगळं पडून झालं. खरं पडलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात. लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आणि पवनपारला एक गोळा सापडला. 2021 च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च 3बी’ रॉकेटचे हे अवशेष असावेत, असा हिशेब खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडला.

उल्का नव्हे, हे वेगावरूनच कळत होतं. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगानं घुसते आणि बघता बघता विझते. कक्षेतून उतरणारा कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतबाहेर असतो. तिरपा येतो, तुटत तुटत रेंगाळतो.

असं काही पूर्वेला दिसलं, तर गंगाखेडचा माणूस शेजारच्या पालमकडं पडलं म्हणेल, पूर्णेचा माणूस नांदेडकडं. दोघंही खोटं बोलत नाहीत. ऐंशी किलोमीटर उंचीवरचा उजेड तीनशे किलोमीटरवरूनही शिवाराच्या पलीकडंच उतरल्यासारखा वाटतो. म्हणून असं काही पाहिलेल्याला हसू नये. वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसलं ते विचारावं. व्हिडिओ नंतर.

आभाळात चमकणारी वस्तू कधी फुगाही असते. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र आहे. तिथले प्रचंड प्लास्टिकचे फुगे तीस-चाळीस किलोमीटर वर जातात, उन्हात चमकतात आणि उपकरणं छत्रीनं खाली येतात. डिसेंबर 2022 मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात अशीच एक कुपी शेतात उतरली. स्पॅनिश कंपनीच्या चाचणीची होती, पण बघ्यांना परग्रहाची वाटली.

गंमत अशी, की पृथ्वीबाहेरच्या जिवांचा खरा शोधही अशाच फुग्यांनी घेतला. 2005 मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा झाली. तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, अतिनील किरणांना चांगल्याच चिवट. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव मिळालं. जीवसृष्टी बाहेरून आली असावी, हा हॉईल यांचा लाडका विचार, आणि नारळीकर त्यांचे शिष्य. तरीही 2009 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला तो असा: हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. हा फॉरवर्ड मात्र कुणाच्या ग्रुपवर फिरला नाही.